एकसष्ट पूर्णांक आठ

जिना चढतानाच थोरल्या वहिनींनी डॉक्टरांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला, बजावलं होतं, की विषय काढायचा तो गोडीत काढायचा. पहिला चहा पोटात जाईपर्यंत 'घर विकू' हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. डॉक्टर दातांचे. उभा जन्म माणसांना 'दुखणार नाही हं' सांगण्यात गेल्यामुळे स्वतःच्या गोड बोलण्यावर त्यांचा फार विश्वास होता. त्यांनी मान डोलावली आणि तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकत उभे राहिले.

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं दुखणं-खुपणं शेवटपर्यंत काढलं ते वन्संनी, म्हणजे डॉक्टरांच्या पाठच्या बहिणीने. भूमापन कार्यालयात नकाशे काढता काढता त्या निवृत्त झाल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि आता चौथ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत एकट्याच राहत होत्या. घर तिन्ही भावंडांच्या नावावर होतं. वन्संनी एकटं राहू नये यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुणाकडे राहावं यावर मात्र वर्षभर धुसफूस चालली होती. डॉक्टर आणि वहिनी म्हणत आमच्याकडे, धाकटा भाऊ आणि त्याची बायको म्हणत आमच्याकडे. वन्संचं काय म्हणणं आहे हे कुणी विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय, असंच सगळ्यांना वाटत होतं.

वहिनींनी तर खोलीसुद्धा लावून ठेवली होती. लेक लग्न होऊन दूर गेली, मुलाने नोकरीच्या गावी बिऱ्हाड केलं, तेव्हापासून ती खोली बंदच होती. त्यांनी तिला नवे पडदे शिवले, पलंगाशी दिवा ठेवला आणि खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्या. डॉक्टरांनी डोकावून पाहिलं, 'छान' म्हणाले आणि दवाखान्यात गेले.

दार धाकटीने उघडलं. ती आणि धाकटा आधीच येऊन बसलेत हे पाहून वहिनींच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. या दोघी जावांत सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून वाजलं होतं, आणि तेव्हापासून 'कशी आहेस'च्या पुढे बोलणं जात नव्हतं. वहिनी कशी आहेस म्हणाल्या आणि आत गेल्या.

वन्सं मात्र उठल्या नाहीत. खिडकीपाशी त्यांचं नकाशे काढायचं उतरतं टेबल होतं, त्यावर आता एक भलाथोरला पडदा उभा होता, आणि वन्सं केसात पेन्सिल खोचून त्याच्यापुढे बसल्या होत्या.

"या दादा, वहिनी, बसा," त्या मागे न वळता म्हणाल्या. "बोला तुम्ही, माझे कान इकडेच आहेत. डोळे मात्र थोडा वेळ तिकडे राहतील. पाउंड उतरतोय."

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वन्सं परदेशी चलनांच्या बाजारात खेळतात ही बातमी धाकटीने महिन्यापूर्वी फोडली होती, आणि त्यांना लवकरात लवकर आपल्या घरी न्यायला डॉक्टरांना त्यामुळे एक भक्कम कारणही मिळालं होतं. एकटी बाई, हाताशी निवृत्तिवेतन, समोर पडदा. पुढे काय होतं ते आपण वाचतोच, असं त्यांचं म्हणणं. पण खेळणारी बाई ही अशी, पाठीला उशी लावून आणि शाल गुडघ्यावर घेऊन बसलेली असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

सभा सुरू झाली. डॉक्टरांनी घसा साफ करून आईच्या आठवणीने सुरुवात केली आणि जिन्याच्या पायऱ्यांवर आले. मग वन्संच्या वयावर घसरले. धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. तो म्हणाला पायऱ्यांचाच प्रश्न असेल तर आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, मी स्वतः तेल घातलेली. धाकटी म्हणाली आमच्याकडे ताईंना करमेल, जुळी पोरं दिवसभर नाचवतील. वहिनींनी आवाज मऊ करून आपल्याकडच्या खोलीचं वर्णन केलं, पडद्यांच्या रंगासकट. वन्सं 'हं', 'खरंय' म्हणत होत्या. मधूनच माउस सरकवून पडद्यावर एखादी आडवी रेघ ओढत होत्या.

बोलता बोलता धाकट्याचं चित्त उडालं. यंत्र दिसलं की त्याला राहवत नसे. तो उठून बहिणीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, की या इतक्या रेघा कसल्या?

वन्संनी पेन्सिल केसांतून काढली. पडद्यावर लाल-हिरव्या उभ्या कांड्यांची रांग होती; त्यांना त्या कँडल म्हणत. एकेका कांडीत मिनिटाभरातली घासाघीस मावलेली. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं, की सकाळी पाउंड इथून उठला आणि इथवर चढला. चढल्यावर तो दम खायला खाली येतो. किती खाली येईल ते देवालाही ठाऊक नसतं, पण पुष्कळदा चढलेल्या वाटेचा ठरावीक भाग उतरून तो थांबतो. कधी अडतीस टक्के, कधी अर्धी वाट, कधी एकसष्ट पूर्णांक आठ.

"आणि त्याच्याही खाली गेला तर?" धाकट्याने विचारलं.

"तर तो दम खात नाहीये, घरी निघालाय. मग आपण त्याच्या वाटेला जायचं नाही."

हे आठ कुठून आलं, असं डॉक्टरांनी जागेवरूनच विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारून बसले. वन्संनी सांगितलं, फिबोनाची म्हणून जुन्या काळी एक गणिती होऊन गेला. त्याच्या नावाची एक रांग आहे. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा; मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. रांग लांबली की कुठल्याही आकड्याला त्याच्या पुढच्याने भागा, उत्तर तेच येतं, दशांश चिन्हापुढे सहा एक आठ.

"हे पाउंडाला माहीत आहे का?" डॉक्टर म्हणाले.

"पाउंडाला नाही, दादा. पण तो घेणाऱ्या-विकणाऱ्या पुष्कळ माणसांनी हीच रेघ आपापल्या पडद्यावर काढलेली असते. इतके जण एका जागी टक लावून बसले, की तिथे काहीतरी घडतं. नेहमी नाही. पण वाट बघण्याइतकं."

वहिनी हे ऐकत होत्या आणि त्यांना विचित्र वाटत होतं. वाट बघणं त्यांच्या चांगल्या परिचयाचं. दवाखान्याच्या पुढल्या खोलीत काउंटरमागे बसून सुजलेल्या गालांची समजूत घालता घालता त्यांचे केस पिकले होते. पण वन्संची ही वाट बघण्याची तऱ्हा निराळी होती. बाई बसून होती, तरी चुलीवर दूध ठेवल्यासारखी सावध होती.

वहिनींनी खुर्ची किंचित पुढे ओढली.

पाउंड घरंगळत त्या रेघेवर आला, टेकला आणि वर उसळला. धाकटी म्हणाली, आता घ्या. वन्सं म्हणाल्या, नाही. तो थोडा वर जाऊन पुन्हा खाली आला, पुन्हा त्याच रेघेपाशी टेकला आणि पुन्हा उठला. डॉक्टर तोवर घराच्या बाजारभावावर आले होते. 'या वयात हातात रोख रक्कम असलेली बरी,' असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज हळूहळू विझला, आणि ते चष्मा वर करून पडद्याकडे चालत गेले.

"ही दाढ आहे," ते म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"खालची दाढ. दोन मुळं, मधे फाटा. अगदी एक्स-रेमध्ये दिसते तशी." त्यांनी बोट ठेवलं. "हे मूळ, हे मूळ."

वन्सं पहिल्यांदाच वळून हसल्या. त्या म्हणाल्या, पुस्तकात याला दुहेरी तळ म्हणतात, पण दाढ जास्त चांगलं आहे. आता भाव या मधल्या फाट्याच्या वर जाऊन कांडी तिथे पुरी झाली, की मी घेईन. दाढेच्या मुळांच्या जरा खाली माझी लाल रेघ असेल. तिथे भाव आला की सौदा आपोआप मिटणार, वादच नाही. आणि वर सकाळचं शिखर गाठलं, तर नफा घेऊन मोकळी. दिवसाला एकच सौदा करायचा, निवृत्तिवेतनातून बाजूला काढलेल्या छोट्याशा रकमेचा. आणि काहीही झालं तरी दिवस मावळायच्या आत मिटवायचा. बाजाराला माझ्या घरात रात्री वस्तीला जागा नाही.

विषय वन्संच्या वस्तीचाच चालला होता, पण ते आता एकट्या वहिनींच्याच ध्यानात होतं, आणि त्यांनीही ते मागे सारलं. कांडी फाट्यापाशी येऊन घुटमळत होती. आत जाऊ की नको अशी दाराशी उभी राहिलेली पाहुणी असावी तशी. धाकटा 'चल गं बाई, चल' असं पुटपुटला. कांडी वर सरकली, हिरवी झाली, पुरी झाली. वन्संनी एक बटण दाबलं. आवाजसुद्धा झाला नाही.

आणि मग पाउंड जो उठला.

त्या खोलीत पुढे जे झालं, ते पोरासोरांनी पाहिलं असतं तर थोरामोठ्यांची अब्रू गेली असती. पहिली कांडी हिरवी आली, दुसरी तिच्याहून लांब. धाकटा बसल्या जागी मांड्या थोपटायला लागला. दर कांडीला डॉक्टर 'बघ, बघ' म्हणून धाकट्याच्या खांद्यावर चापट मारत. लहानपणी मारत असतील तशी. धाकटीने वहिनींचा हात कधी धरला हे दोघींनाही कळलं नाही. कळलं तेव्हा वहिनींना तो सोडवावासा वाटेना. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि पोटातून कारण नसताना हसू वर येत होतं. शाळेत असताना झोक्यावर उभ्या राहून झोका फार उंच गेल्यावर असं व्हायचं. मधल्या सगळ्या वर्षांत ते कुठे होतं?

"अर्ध्या वाटेवर आलाय," वन्सं म्हणाल्या. त्यांनी माउसने लाल रेघ उचलली आणि जिथे पाउंड घेतला होता तिथे आणून ठेवली. "आता उलटला तरी जेवढ्यास तेवढं. आपलं काही जाणार नाही."

इथून घरात दोन तट पडले, आणि तेही भलतेच. डॉक्टर आणि धाकटी एका बाजूला झाले. त्यांचं म्हणणं, शिखरावर थांबायचं कशाला, जाऊ द्या पार आभाळात. धाकटा म्हणाला, आत्ताच मिटव ताई, मी वर गेलेल्या गोष्टी खाली येताना रोज बघतो. 'माझंही तेच मत आहे' असं कुणीतरी ठामपणे म्हणालं, आणि तो आवाज आपला आहे हे वहिनींना जरा उशिरा समजलं. डॉक्टर वळून बघायलाच लागले. बायको चारचौघांत आपल्या विरुद्ध मत देते हा प्रकार त्यांच्या संसारात नवा होता. वहिनींना वाईट वाटायला हवं होतं. उलट आणखी एखाद्या गोष्टीवर मत देऊन टाकावं अशी त्यांना सुरसुरी आली.

वन्संनी दोन्ही तटांचं ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही.

मग पाउंड अडला. कांड्या आखूड झाल्या, एक लाल आली, मग दुसरी लाल आली. खोलीतला आवाज बसला. वन्सं उठल्या आणि चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. सौदा चालू ठेवून बाई सरळ उठून जाते हे डॉक्टरांना सहन होईना. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकले, मग खुर्चीत बसले. भाव खाली येत होता, त्या लाल रेघेकडे.

"परत वर जाणार तो," ते कुणाला तरी सांगत होते. "जाणारच. फक्त जरा जागा हवीय त्याला. श्वास घ्यायला."

आणि त्यांनी माउस हातात घेतला. वहिनींनी पाहिलं. अवघड दाढ काढताना जसा त्यांचा हात स्थिर व्हायचा तसाच तो आत्ता झाला होता. त्या हाताने लाल रेघ धरली आणि अलगद खाली ओढली, दाढेच्या मुळांच्याही बरीच खाली. धाकट्याने छताकडे पाहिलं. धाकटीने ओठ चावला. डॉक्टरांनी वहिनींकडे पाहून डोळ्यांनी खूण केली, की गप्प राहा.

ही खूण जुनी होती. पेशंट बाहेर खोळंबलेत आणि डॉक्टर आत पेपर वाचताहेत. पाहुणे आलेत आणि डॉक्टरांना भेटायचं नाही. लेकीच्या फोनवर काय सांगायचं ते डॉक्टरांना सुचत नाही. दर वेळी ही खूण व्हायची आणि वहिनी बाहेर जाऊन सावरून घ्यायच्या. त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आजही कदाचित वाटलं नसतं. पण त्यांच्या अंगात झोका भरला होता.

"वन्सं," त्यांनी हाक मारली. "यांनी तुमची रेघ खाली ओढली."

स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला. वन्सं पदराला हात पुसत आल्या. डॉक्टर शाळेतल्या मुलासारखे खुर्चीतून उठले. वन्सं बसल्या, रेघ होती तिथे परत नेऊन ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बघत राहिल्या. लाल कांडी उतरत उतरत आली, रेघेला शिवली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आलं, की सौदा मिटला. नफा शून्य, तोटा शून्य.

धाकटी सोफ्यावर मटकन बसली. धाकट्याने निःश्वास टाकला. आणि सगळे असे बसले असतानाच पाउंडाने पलटी खाल्ली. एक हिरवी कांडी आली, मग दुसरी, मग अशी एक आली की पडद्याला आपोआप वर सरकावं लागलं. सकाळचं शिखर त्याने हसत हसत ओलांडलं.

"मी सांगत होतो," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. "मी सांगत होतो की नाही? श्वास घ्यायला जागा द्या म्हणून?"

"हो, दादा. तुझं बरोबर निघालं," वन्सं म्हणाल्या.

"मग रेघ परत वर का नेलीस?"

"कारण ती मी डोकं ठिकाणावर असताना ठरवली होती."

"आणि आत्ता नाही का तुझं डोकं ठिकाणावर?"

वन्संनी खोलीभर नजर फिरवली. डॉक्टरांचा चष्मा कपाळावर गेला होता. धाकट्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटून लोंबत होतं, धाकटी उशी पोटाशी कवटाळून बसली होती, आणि थोरल्या वहिनी खुर्ची ओढत ओढत पार टेबलाच्या कडेला येऊन चिकटल्या होत्या.

"आत्ता या घरात कुणाचं आहे?" त्या म्हणाल्या.

आधी डॉक्टर हसले. घशातून आवाज न येता नुसते खांदे हलू लागले, मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि मग त्यांना आवरेना. त्यांचं पाहून धाकट्याला हसू सुटलं. एवढा आटापिटा, एवढे तट, घरात फितुरी, आणि हाती शून्य. वहिनी तर अशा हसल्या की धाकटीला त्यांची पाठ चोळावी लागली. जरा शांत होतंय असं वाटलं की कुणीतरी 'दाढ' म्हणे, आणि पुन्हा सुरू.

चहा आला. तो पिता पिता, अजून हसण्याचे उमाळे येत असतानाच, वन्संनी सहज विचारावं तसं विचारलं.

"कशाला हवीय रे तुम्हाला मी? खरं खरं सांगा. रागावणार नाही."

हसून हसून सगळ्यांच्या तोंडाचं कुलूप निघालं होतं. एरवी धाकटी वर्षभर बोलली नसती ते तिने एका दमात सांगितलं, की जुळ्यांनी तिला वेड लावायचं बाकी ठेवलंय, आठवड्यात एक दिवस जरी कुणी त्यांना सांभाळलं तर ती नुसती पडून राहील, काही म्हणजे काही करणार नाही. धाकटा म्हणाला, मला तू दादाकडे जायला नको होतीस, बस. लहानपणापासून सगळं दादाकडेच जातं. डॉक्टर चहात बघत म्हणाले, की जिन्यात तू पडून राहिलीस आणि कुणाला कळलंच नाही, असं मला स्वप्न पडतं. हे त्यांनी वहिनींनाही सांगितलं नव्हतं.

वहिनींची पाळी आली. त्यांनी कप खाली ठेवला. कर्तव्य, लोक काय म्हणतील, सासूबाईंची इच्छा, अशी सगळी वाक्यं तयार होती, वर्षभर घोकलेली. त्यांतलं एकही हाताशी येईना.

"मला घरात बोलायला कुणी नाही," त्या म्हणाल्या. "खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्यात मी. रोज एकीवर बसते आणि दुसरीकडे बघते."

हे त्या हसत हसतच म्हणाल्या, तरी कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी मान वर केली. बायकोकडे ते किती तरी वेळ पाहत राहिले, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडून तसेच थांबले. दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगण्यात हयात गेलेला माणूस, स्वतःवर पाळी आल्यावर पार अडला. शेवटी त्यांनी हात पुढे करून वहिनींच्या बशीतलं बिस्किट त्यांच्या हातात दिलं. वहिनींना तेवढ्यानेही गलबलून आलं.

वन्संनी मग आपलं सांगितलं. त्या इथून कुठेच जाणार नव्हत्या. आईचं करताना रात्री जागायला लागायचं, तेव्हा त्या या कांड्या बघायला शिकल्या. आणि आता सकाळी उठायला एक कारण आहे, जे कुणाच्या औषधाच्या वेळेवर अवलंबून नाही. ते आवाज न चढवता, शालीची घडी घालता घालता त्यांनी सांगितलं. शनिवारी बाजार बंद असतो, तर दर शनिवारी जुळ्यांना इकडे आणून सोडा, त्यांना नकाशे काढायला बसवते. दादाला स्वप्नं पडतात तर रोज सकाळी मी फोन करीन, आणि नाही केला तर त्याने खुशाल जिना चढून यावं. घर मात्र मोडायचं नाही.

धाकट्याने लगेच होकार भरला. ताई दादाकडेही जात नव्हती हे त्याला पुष्कळ होतं. डॉक्टर 'अगं पण' म्हणाले. मग रेघ ओढलेल्या आपल्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं असावं. त्यांनी 'पण'च्या पुढचं गिळलं आणि म्हणाले, "बरं. पण फोन खरंच कर."

निघायची वेळ झाली. धाकटीने वहिनींच्या कानाशी येऊन सांगितलं, की शिवणयंत्र घेऊन जा, माझ्याने सुईत दोरासुद्धा ओववत नाही, उगाच अडून बसले होते. वहिनी म्हणाल्या असू दे तुझ्याकडेच, मीच येऊन शिवत जाईन पोरांचे कपडे. दोघी उंबऱ्यात एकमेकींना आग्रह करत राहिल्या, तोवर धाकटा दोन मजले उतरून गेला होता.

डॉक्टर चपला घालून दारात उभे राहिले. वहिनींच्या चपला मात्र कोपऱ्यातच होत्या.

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाल्या. "मी आज राहते इथे. उद्या सकाळी पाउंड कसा उठतो ते बघायचंय."

"आज?" डॉक्टर म्हणाले. "मग जेवायचं?"

"सूप आहे फ्रिजमध्ये. गरम करायचं. ते उकळायला लागलं की गॅस बंद करायचा."

डॉक्टरांनी बहिणीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. मग ते बायकोकडे बघत म्हणाले, "उद्या संध्याकाळी येतो न्यायला. त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायची काय पद्धत आहे, तेही सांग मला." आणि धडधडत जिना उतरले. या खेपेस तिसऱ्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला नाही.

वहिनी परत आल्या तेव्हा वन्संनी पडद्यावरच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या होत्या. उघड्या कांड्या तेवढ्या राहिल्या होत्या, दिवसभराच्या. वन्संनी खुर्चीवरची उशी थोपटली, वहिनींना तिथे बसवलं आणि माउस त्यांच्या हातात दिला.

"काढा," त्या म्हणाल्या. "चढ कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, ते तुम्हीच ठरवा."

वहिनींनी खूप वेळ पाहिलं. मग जीभ दातांत धरून त्यांनी एका तळापासून एका शिखरापर्यंत रेघ ओढली, आणि त्या दोहोंच्या मधे अडतीस, पन्नास, एकसष्टच्या आडव्या रेघा एकामागून एक उमटल्या. आपण काढलेल्या. त्यांनी श्वास रोखून वन्संकडे पाहिलं.

"चुकली," वन्सं म्हणाल्या.

"चुकली?" वहिनींचा चेहरा उजळला. त्यांनी ती पुसली आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. "थांबा, परत काढते."